दारापर्यंतचा रस्ता



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या दिवसांत व्याख्यानमालेला इथे जमतो, ते सर भूगोल शिकवायचे. वर्गात नकाशा टांगण्याआधी ते मुलांना गावामागच्या डोंगरावर घेऊन जायचे. वर पोहोचल्यावर एकच प्रश्न विचारायचे, ‘तू उभा आहेस तिथे पडलेला पाऊस कुठे जाईल, बोटाने दाखव.’ मुलांची बोटे वेगवेगळ्या दिशांना जायची. मग सर त्या पाण्याची वाट ओढ्यापर्यंत चालून दाखवायचे. मीही त्या मुलांतला एक. आजचा विषय निवडताना तोच प्रश्न मनात होता.

विषय ऐकायला लहान वाटेल. संरक्षित डोंगरात, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात किंवा जंगलाच्या कडेला एखाद्याच्या खासगी घरापर्यंत जाणारा खासगी रस्ता, आणि त्या रस्त्याला नियमांतून मिळणारी सवलत. धरण, खाण, महामार्ग यांवर आपण भांडतो. एका बंगल्याच्या दारापर्यंत जाणाऱ्या अर्ध्या किलोमीटरवर कोण भांडणार? पण गेली काही वर्षे सह्याद्रीत फिरताना माझी खात्री पटली आहे की डोंगराचे वाटोळे सुरू होते ते घरापासून नव्हे, घराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून. घर नंतर येते. आधी पोकलेन येतो.

आपले नियम घराकडे पाहतात. भूखंड केवढा, चटई क्षेत्र किती, मजले किती, उंची किती, छप्पर कसे, या सगळ्याचे तक्ते आहेत. 17 जानेवारी 2001 रोजी महाबळेश्वर-पाचगणी आणि 4 फेब्रुवारी 2003 रोजी माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. अभयारण्यांभोवतीच्या अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये कामांचे तीन गट असतात : मनाई असलेली, नियंत्रित आणि प्रोत्साहन द्यायची. नवा रस्ता बहुधा दुसऱ्या गटात बसतो. नियंत्रित, म्हणजे परवानगीने चालेल. स्थानिक रहिवाशाने स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी केलेल्या बांधकामालाही वेगळी सूट असते, आणि ती असायलाच हवी. पण जमीन विकली जाते, सातबाऱ्यावरचे नाव बदलते, आणि स्थानिकाच्या गरजेसाठी ठेवलेल्या फटीतून शहरातली गाडी वर जाते.

आता थोडे गणित करू या. सर असते तर त्यांनी खडू हातात घेतला असता.

समजा, डोंगराच्या एका पदरावर सपाट जागा आहे. तिथे 200 चौरस मीटरचे घर बांधायचे, म्हणजे 2 गुंठे. तीव्र उतारावर, म्हणजे 1:5 किंवा त्याहून जास्त चढावर बांधकाम नको, हे तत्त्व आपल्या नियमांत आहे. इथे घर सपाटीवर आहे, त्यामुळे घराला ते तत्त्व आड येत नाही. पण तो पदर पायथ्यापासून 50 मीटर उंच आहे, आणि मधला उतार 1:3 आहे. गाडी सुखरूप चढायची तर दर 10 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त चढ ठेवता येत नाही. म्हणजे रस्ता 500 मीटर लांब झाला. गटार आणि बाजूपट्टी धरून रुंदी 6 मीटर धरा. एकूण 3,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 30 गुंठे. 2 गुंठ्यांच्या घरासाठी 30 गुंठ्यांचा डोंगर कापला गेला, आणि तोही नेमका त्या तीव्र उतारावर, जिथे घराला मनाई होती.

पुढे जाऊ. 1:3 उतारावर 6 मीटरची सपाटी कापून काढली, तर आतल्या बाजूला 2 मीटरची उभी कड तयार होते. दर मीटरला 6 घनमीटर, 500 मीटरला 3,000 घनमीटर. मुरमाच्या हिशेबात सांगायचे तर 1,000 ब्रासच्या वर. आणि मुरमाची कड उभी राहत नाही. दोन पावसाळ्यांत ती ढासळते, मग ती आणखी मागे कापावी लागते. म्हणजे हा आकडा पहिल्या वर्षाचा आहे. शेवटचा नव्हे. आणि या 30 गुंठ्यांपैकी एक चौरस फूटही चटई क्षेत्रात मोजला जात नाही.

गणित इथेच थांबले असते तरी पुरेसे होते. पण सह्याद्री हा नुसता मातीचा ढीग नाही. तो थरांचा डोंगर आहे. लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचत गेले, दोन प्रवाहांच्या मधे कुठे तांबड्या भाजलेल्या मातीचा थर राहिला, कुठे सच्छिद्र खडक. वरच्या सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपतो, त्या घट्ट थरावर अडतो आणि आडवा सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. आपल्या घाटमाथ्यावरच्या कितीतरी वाड्या अशा झऱ्यांच्या आधारानेच वसल्या.

मुळशीच्या बाजूला एका वाडीत मी चैत्रात गेलो होतो. वाडीचा झरा म्हणजे दगडात कोरलेले हातभर खोल कुंड. एक वयस्क बाई कुंडाच्या काठावर बसून करवंटीने पाणी भरत होत्या. करवंटी बुडत नव्हती, तिरकी धरून घासावी लागत होती. एक हंडा भरायला किती वेळ लागतो, असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘आता बसले ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. पूर्वी हंडा लावायचा न् घरी जाऊन भाकरी थापायची. येईस्तोवर हंडा वाहत असायचा.’ मी पायवाटेने वर चढलो. साठ-सत्तर मीटर वर नवा रस्ता कापला होता. फाटकापर्यंत खडी, फाटकापलीकडे सिमेंटचे पट्टे. रस्त्याच्या कापलेल्या कडेत, कमरेइतक्या उंचीवर, तांबड्या मातीची एक रेघ दिसत होती, आणि त्या रेघेतून ठिकठिकाणी ओल सुटलेली. ती ओल रस्त्याकडेच्या गटारात उतरत होती आणि गटार मोरीतून पलीकडच्या घळीत सुटत होते. मी बोट लावून पाहिले. बोट थंड झाले.

वाडीचा झरा आटण्याचे कारण तेवढेच होते, असा दावा मी एका दुपारच्या पाहणीवरून करणार नाही. पण पाण्याची वाट कशी तोडली जाते ते मला त्या रेघेत दिसले. रस्त्याला परवानगी देताना कोणी खाली जाऊन झरा पाहिला असता, तर ती रेघ आखणीतच ध्यानात आली असती. पाहिले गेले ते फक्त वरचे गट नंबर. झरा खालच्या गटात होता.

जंगलाचेही तसेच. भीमाशंकरच्या रानात शेकरू असते, आपला राज्यप्राणी. ते शेंड्याशेंड्यांवरून प्रवास करते, जमिनीवर क्वचितच उतरते. दोन झाडांच्या फांद्या जिथे एकमेकींना भिडतात तोच त्याचा रस्ता. आपला रस्ता त्याच्या रस्त्याला छेदतो तेव्हा त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि जमिनीवर कुत्री असतात, गाड्या असतात. कागदावर तोडलेली झाडे मोजली जातात. तुटलेली भिडणी कोणी मोजत नाही.

आता कायद्याकडे येतो. या विषयात कायदा आंधळा आहे असे नाही. त्याने काही फरक फार विचाराने केले आहेत, आपण ते विसरलो आहोत.

1882 चा सुविधाधिकार कायदा घ्या. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काबद्दल त्यात एक स्वच्छ तत्त्व आहे : एका प्रकारच्या वाटेचा हक्क म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क नव्हे. पायवाटेची वहिवाट असेल तर त्यातून गाडीवाटेची वहिवाट आपोआप उगवत नाही. आपल्या महसूल संहितेचे कलम 143 शेतात जायला बांधावरून वाट देते. पण ती शेतकऱ्याची शेताकडे जाण्याची वाट आहे. त्याची गरज बैल, नांगर आणि कापणीचा माल यांची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 27 अभयारण्यात कोणी प्रवेश करावा ते सांगते, आणि ज्याची तिथे स्थावर मिळकतीवर हक्कदारी आहे त्याला येऊ देते. येऊ देते, एवढेच. त्याच्यासाठी डोंगर कापून द्यावा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आपल्या जमिनीपर्यंत पोहोचण्याचा हक्क आणि चारचाकीने थेट दारात उतरण्याचा हक्क हे दोन निरनिराळे हक्क आहेत. आज होणारा सगळा गोंधळ हे दोन एक मानल्यामुळे होतो.

आणखी दोन तरतुदी शेजारी ठेवून पाहा.

पहिली, 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3(2). वनात राहणाऱ्या गावासाठी शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा 13 सुविधांना वनजमीन देता येते. पण प्रत्येक प्रकरणी 1 हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे न तोडता, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. म्हणजे सवलत आहे, तिला माप आहे, आणि ती कोणाच्या गरजेची आहे हे गावाने उघड सभेत सांगायचे आहे.

दुसरी, 1980 च्या वन संवर्धन कायद्यात 2023 साली झालेली दुरुस्ती. सरकारच्या देखभालीखालील सार्वजनिक रस्त्यालगत किंवा रेल्वेमार्गालगत वस्तीकडे जाण्यासाठी किंवा रस्त्याकडेच्या सुविधेसाठी लागणारी वनजमीन प्रत्येक प्रकरणी 0.10 हेक्टरपर्यंत या कायद्याच्या बाहेर ठेवली गेली. 0.10 हेक्टर म्हणजे 1,000 चौरस मीटर, सुमारे 10 गुंठे. 4 मीटर रुंदीने 250 मीटर लांब रस्ता. एका घरासाठी हे थोडे वाटते. पण मर्यादा ‘प्रत्येक प्रकरणी’ आहे. एका घाटरस्त्यालगत अशी वीस प्रकरणे झाली तर 5 किलोमीटर झाले, आणि त्या वीसांचा मिळून विचार करणारे टेबल कुठल्याच कचेरीत नाही. या दुरुस्तीविरुद्धच्या याचिकांमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2024 रोजी अंतरिम आदेश देऊन वनाची 1996 च्या निकालातली व्यापक व्याख्या तूर्त कायम ठेवायला सांगितले. तो दिलासा आहे. पण वस्ती म्हणजे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी वाडी ही वस्ती आहे. शनिवार-रविवारी उघडणारे फाटक ही वस्ती आहे का?

हा प्रश्न मी हळू आवाजात विचारत नाही, कारण रस्ता नसण्याची किंमत काय असते तेही आपण पाहिले आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात डोंगर चढून गेली. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, चिखल हातांनी आणि फावड्यांनी उपसावा लागला. आजही अनेक वाड्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई झोळीत असते, आणि पुढे-मागे खांदा देणारी माणसे घसरत्या वाटेवर पाय रोवत असतात. त्याच तालुक्यात पलीकडच्या डोंगरावर एका कुटुंबाच्या सुट्टीसाठी सिमेंटचा रस्ता गेलेला असतो. हे विषम वाटप निसर्गाने केलेले नाही. ते सवलतींनी केले आहे. वाडीचा रस्ता ‘वनखात्याची हरकत’ म्हणून वर्षानुवर्षे अडतो, आणि खासगी रस्ता एका रात्रीत कापून झाल्यावर कागदावर येतो.

म्हणून माझे म्हणणे असे नाही की संरक्षित क्षेत्रात रस्ताच नको. सवलत गरजेला द्या, मालकीला नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

गरज आणि सोय यांत फरक करता येतो का? येतो. माथेरानने तो करून दाखवला आहे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेगाडीने. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत जाते. ही व्यवस्था निर्दोष नाही. तिचा भार हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या खांद्यावर पडला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली ती प्रथा बंद करून ई-रिक्षा आणण्यास सांगितले, ते योग्यच झाले. उतारावरच्या आदिवासी वाड्यांतली माणसे आजही भाजी-दूध घेऊन पायवाटेने वर येतात, त्यांचा रस्त्याचा प्रश्न सुटलेला नाही. पण एक गोष्ट माथेरानने सिद्ध केली. घराची मालकी असली तरी गाडी दारात आलीच पाहिजे असे नाही. तिथले बंगलेवालेही दस्तुरीला गाडी ठेवून चालतात. सगळ्यांना सारखा लागू असलेला नियम माणसे पाळतात. तुटतो तो सवलतींचा नियम, कारण शेजाऱ्याला मिळालेली सवलत प्रत्येकाला आपला हक्क वाटू लागते.

आता दंडाबद्दल. परवानगीशिवाय डोंगर कापला तर तलाठी पंचनामा करतो आणि प्रकरण गौण खनिजाचे होते. महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे डोंगराची किंमत ठरते किती ब्रास मुरूम निघाला यावर. झऱ्याची किंमत त्यात नाही, तुटलेल्या फांद्यांची नाही, खालच्या वाडीच्या धोक्याची नाही. ज्याला एक-दोन कोटींचा बंगला बांधायचा आहे त्याच्या लेखी हा दंड म्हणजे खर्चाच्या यादीतली एक ओळ. दंड भरल्यावर रस्ता तिथेच राहतो. सवलतीने जे मिळाले नसते ते दंडाने मिळते.

आणि कापलेला डोंगर वाट पाहत बसत नाही. जून 2013 मध्ये पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे, शिंदेवाडीपाशी, पहिल्याच जोरदार पावसात डोंगरावरून चिखलपाण्याचा लोंढा महामार्गावर आला. एक तरुण आई आणि तिची लहानगी मुलगी त्यात वाहून गेल्या. वरच्या डोंगरावर बेकायदा खोदकाम झाले होते, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या. डोंगर कोणी कापला, त्याची वसुली कोणाकडून झाली, हे त्या दोघींना कधी कळणार नव्हते. त्या फक्त रस्त्याने जात होत्या. सरांचा प्रश्न इथे आठवतो : तू उभा आहेस तिथे पडलेला पाऊस कुठे जाईल?

गोव्याने तर नगरनियोजन कायद्यात 17-अ हे कलम घालून परवानगीशिवाय डोंगरकापणी आणि सखल जमिनीत भराव यांना मनाई केली. म्हणजे डोंगर कापणे ही स्वतःच एक वेगळी कृती आहे, तिचा विचार बांधकामाच्या परवानगीत गुंडाळून चालणार नाही, हे कायद्याला कळते. उरते ते अंमलात आणणे.

तर काय करावे? मी चार गोष्टी सुचवतो. चारही आज, आहे त्या यंत्रणेत होण्यासारख्या आहेत.

पहिली, रस्ता आधी आणि घर नंतर तपासा. ज्या जागेपर्यंत तीव्र उतार न कापता पोहोचता येत नाही, ती जागा घरासाठी पात्र नाही असे धरा. बांधकामाला परवानगी देण्याआधी हा प्रश्न विचारला तर निम्मे तंटे तिथेच मिटतील.

दुसरी, एका गट नंबराचा विचार करू नका, डोंगराच्या कुशीचा करा. एका घाटरस्त्यावरून किंवा एका पाणलोटात आतापर्यंत किती सवलती गेल्या, किती मीटर कड कापली गेली, याची एक नोंदवही तहसील कचेरीत लोकांसाठी उघडी ठेवा. नवा अर्ज त्या नोंदवहीत बसतो का, हे आधी पाहा.

तिसरी, खालच्या गावाला विचारा. रस्ता ज्या पाण्याच्या वाटेला छेदतो, ते पाणी ज्या वाडीत पोहोचते, तिच्या ग्रामसभेचे म्हणणे नोंदवल्याशिवाय खासगी रस्त्याला परवानगी नको. वनहक्क कायद्याने गावाच्या रस्त्यासाठी ग्रामसभेची शिफारस मागितली आहे. बंगल्याच्या रस्त्यासाठी ती का नको?

चौथी, दंडाबरोबर दुरुस्ती. बेकायदा कापलेला रस्ता दंड भरून नियमित होता कामा नये. कड परत घालायची, पाण्याची वाट मोकळी करायची, गवत आणि स्थानिक झाडे लावायची, आणि ते सगळे मालकाच्या खर्चाने, ठरलेल्या मुदतीत. डोंगर पूर्वीसारखा होत नाही हे मला माहीत आहे. पण रस्ता उरणार नाही हे कळले की पोकलेन भाड्याने घेणारा दोनदा विचार करील.

आणि एक विनंती इथे बसलेल्यांना. आपल्यापैकी काहींच्या मनात डोंगरात एक छोटे घर असावे असे असेल. त्यात गैर काही नाही, डोंगराचे प्रेमच माणसाला तिकडे नेते. जाहिरातीत ‘प्लॉटपर्यंत डांबरी रस्ता’ असे वाचाल तेव्हा तेवढ्यावर खूश होऊ नका. जागा पाहायला जाल तेव्हा गाडी पायथ्याला ठेवा आणि चालत चढा. रस्त्याच्या कापलेल्या कडेजवळ थांबा, तिथे ओल सुटली आहे का पाहा. मग खाली उतरून वाडीचा झरा कुठे आहे ते विचारा, आणि तिथे हंडा भरायला आता किती वेळ लागतो, तेही विचारा.

त्या उत्तरानंतर जे ठरवाल ते ठरवा. पण ते उत्तर ऐकल्याशिवाय विसार देऊ नका.